परकारचाचांची पन्नाशी

पूलच्या टेबलावर परकारचाचांनी बॉल पॉकेटात घातला की ते समोरच्याकडे बघून म्हणायचे, "माफ कर हां, बाबा." एखाद्या वेळी नव्हे, प्रत्येक बॉलला. समोर ऑफिसचा प्यून असला तर "माफ कर", बँकेचा मॅनेजर असला तर "माफी, साहेब", आणि कोणी वडीलधारा असला तर उजवा हात छातीवर ठेवून नुसती मान खाली घालायचे. मी त्यांच्याशी पहिल्यांदा खेळलो तेव्हा त्यांनी इतक्या वेळा माफी मागितली की हरल्याचं वाईट वाटायचं राहिलं, उलट मीच ओशाळलो.

"चाचा, खेळात कसली माफी?" मी विचारलं.

"अरे सावंता, तुजा डाव मोडला ना मी? मोडणाऱ्यानं माफी मागायची. गावात बोरं पाडायला आमी झाडाला दगड मारायचो, तर आय सांगायची, झाडाला हात लाव आन् माफी माग. मना तीच खोड लागली."

ही गोष्ट साठ सालानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली. दुबईत तेव्हा उंच इमारती नव्हत्या. खाडी होती, खाडीच्या दोन्ही बाजूंना वस्ती होती आणि ये-जा करायला अब्रा, म्हणजे लहान होड्या होत्या. व्यवहारात चालायचा तो रुपयाच. मी अलिबागहून येऊन बर दुबईतल्या एका शिपिंग एजन्सीत टायपिस्ट म्हणून लागलो होतो. इस्माईल परकार त्याच एजन्सीत टॅली क्लार्क होते. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या एका गावचे. मोठी जहाजं तेव्हा बाहेर समुद्रातच नांगर टाकत आणि माल बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या होड्यांतून, आत येई. तो मोजून घ्यायचं काम चाचांचं. दिवसभर धक्क्यावर उन्हात उभं राहून त्यांचा चेहरा तांब्यासारखा झाला होता. डोक्यावरचे केस मात्र पार पांढरे. त्या केसांमुळे आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. एवढ्या पांढऱ्या केसांचा माणूस बार्जवरून धक्क्यावर एका ढांगेत कसा येतो, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. कोणी तरी म्हणायचं, "कोकणातले मासे!" आणि विषय संपायचा.

आमच्या क्लबला पूलचं टेबल मिळालं ते एका अमेरिकन ड्रिलिंग कंपनीमुळे. त्यांचा कॅम्प उठला तेव्हा ते टेबल न्यायला त्यांना परवडेना आणि फेकून द्यायला जीव होईना. हिंदुस्थानी नोकरदारांचा आमचा क्लब म्हणजे खाडीजवळच्या एका घराचा वरचा मजला. कॅरम, जुनी मासिकं आणि चहा, एवढीच चैन. त्या टेबलाची पाटी दगडी होती. हमालांनी ती जिन्यावरून वर नेताना अख्खं घर हादरलं. टेबल मांडून झालं आणि कोणालाच काही येईना. मग गर्दीतून चाचा पुढे झाले, क्यू, म्हणजे खेळायची काठी, हातात घेतला, एक डोळा मिटून त्याचा सरळपणा बघितला आणि पांढऱ्या बॉलनं रंगीत बॉलांचा त्रिकोण असा काही फोडला की चहावाला किटली घेऊन दारातच उभा राहिला.

तरुणपणी ते जहाजावर खलाशी होते. एडनच्या बंदरात खलाशांसाठी एक क्लब होता, तिथे ते हा खेळ शिकले होते. "दारू पियाची नाय, दुसऱ्या भानगडी नाय, मग बंदरात करायचं काय? टेबल होतं, खेळत बसायचो," एवढंच त्यांनी सांगितलं.

वर्षभरात क्लबला पूलचं वेड लागलं. प्रत्येकानं आपले सात बॉल घालायचे आणि शेवटी काळा, आठ नंबरचा. जो काळा घालील तो जिंकला. शुक्रवारी सुट्टी, त्या दुपारी टेबलाभोवती उभं राहायला जागा नसायची. स्पर्धा भरवली तेव्हा बँकेतली तरणी पोरंच शेवटपर्यंत उरली. वयस्क मंडळी पहिल्याच फेरीत गारद झाली. चाचा त्या वेळी सुट्टीवर गावी गेले होते.

त्या गारद झालेल्यांत लालचंदशेठ होते. बर दुबईतल्या हिंदू देवळाच्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. मोत्यांचा व्यापार जोरात होता त्या काळात आलेले हे सिंधी गृहस्थ. बायको इथेच गेली, मुलगा मुंबईला स्थायिक झाला. शेठ दुकान बंद करून रोज क्लबात येत. पांढरं धोतर, काळी टोपी, जाड भिंगाचा चष्मा. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि मुलगा त्यांना कायमचं मुंबईला बोलावत होता. जाण्याआधी एकदा तरी स्पर्धा जिंकायची, ही त्यांची हौस. ती त्यांनी कधी लपवली नाही.

"इन छोकरों के साथ हमारा क्या मुकाबला?" ते एकदा कमिटीसमोर म्हणाले. "इनके तो घुटने भी नये हैं. बुजुर्गों का अलग टूर्नामेंट रखो. कप मैं दूँगा."

कमिटीला कल्पना आवडली. पण 'बुजुर्ग' कोणाला म्हणायचं, यावर बैठक रंगली. मी क्लबचा सेक्रेटरी, म्हणजे वर्गणी मागणारा आणि खुर्च्या गोळा करणारा. अध्यक्ष आमच्याच एजन्सीचे हेड अकाउंटंट डिसूझासाहेब. पुण्यात शिकलेले, मराठी छान बोलायचे, पण नियमाचा विषय निघाला की इंग्रजीत शिरायचे. पन्नास वर्षं पूर्ण, हे ठरलं. पण पन्नास झाली हे ठरवायचं कसं? एक जण म्हणाला, माझा जन्म प्लेगच्या वर्षीचा, कोणालाही विचारा. दुसऱ्याला त्याच्या मामानं सांगितलेलं वय माहीत होतं, पण मामा आता हयात नव्हता. खुद्द लालचंदशेठचं म्हणणं, पासपोर्टात लिहिलंय त्याहून मी पाच वर्षं मोठा आहे, आणि हे ते अभिमानानं सांगत होते.

डिसूझासाहेबांनी टेबलावर हात आपटला. "नो मामा, नो प्लेग. पासपोर्टावर जी डेट ऑफ बर्थ असेल तीच फायनल. नो आर्ग्युमेंट. खलास!"

नियम झाला. खेळणारे मात्र मोजकेच मिळाले. तेव्हा डिसूझासाहेबांना ऑफिसातली चाचांची फाइल आठवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचांना केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच टाइप करत होतो.

"परकार, तुम्ही तर एक्कावन्नचे आहात. नाव टाकतो."

चाचा दारातच थबकले. "मना नको, साहेब. मी नुसतं बघीन."

"अहो, बघीन काय? टेबलाला हात लावणारे पहिले तुम्ही. घाबरता का म्हाताऱ्यांना?"

चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खाली. काही तरी बोलणार असं वाटलं. पण ते म्हणाले, "तुमी सांगता तर..." आणि धक्क्यावर निघून गेले. साहेबांनी नाव लिहिलं. ज्येष्ठांच्या स्पर्धेत चाचा असे दाखल झाले.

ते ज्या सहजतेनं एकेक फेरी जिंकत गेले, ती बघून आम्हाला मजा वाटत होती. त्यांचं "माफ करा" मात्र दर फेरीला कमी होत चाललं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या बाजूनं लालचंदशेठ कसे कोण जाणे, पण जिंकत आले. नजर अधू, पण हात पक्का होता आणि नशीब त्या आठवड्यात त्यांच्या बाजूला होतं. फायनलला दोघं समोरासमोर आले.

त्या शुक्रवारी शेठ नवी टोपी घालून आले होते. खिडक्या उघड्या, खाडीवरचा दमट वारा आत येत होता आणि त्यानं टेबलाचं कापड जड झालं होतं. बॉल रेंगाळत होते. शेठनी त्यांचे सातही बॉल घातले. चाचांचा अजून एक बाकी होता. फक्त काळा घातला की कप शेठचा. काळा कडेला लागून होता. शेठ वाकले, पुन्हा उभे राहिले, चष्मा पुसला. मग हळूच मला विचारलं, "बेटा, काला किनारे से सटा हुआ है, या बीच में जगह है?"

मी सांगणार तेवढ्यात कोणी तरी ओरडलं, "सेक्रेटरी, सांगायचं नाही!" शेठ हसले आणि त्यांनी क्यू मारला. पांढरा बॉल काळ्याला नुसता चाटून गेला.

चाचांनी आपला राहिलेला बॉल घातला. मग काळा. तो आता पॉकेटाच्या तोंडाशी येऊन थांबला होता. कोणालाही घालता आला असता. चाचा क्यू धरून वाकले आणि तसेच राहिले. मला वाटलं, नेम धरताहेत. त्यांच्या कपाळावरून घाम कापडावर पडला. मग क्यू पुढे गेला आणि काळा आत पडला.

टाळ्या वाजल्या. चाचांनी कोणाची माफी मागितली नाही. लालचंदशेठच पुढे आले, त्यांनी चाचांना मिठी मारली, चाचांचा ओला गाल त्यांच्या गालाला लागला, तसे म्हणाले, "अरे भाई, रोता क्यों है? बुड्ढा बुड्ढे से हारा. इसमें क्या गम? छोकरे से हारता तो रोता मैं." कप त्यांनी स्वतःच्या हातानं दिला. पुढच्याच आठवड्याच्या बोटीनं ते मुंबईला कायमचे निघून गेले.

त्यानंतर चाचा क्लबात यायचे बंद झाले. कप त्यांनी खोलीवर नेलाच नाही; ऑफिसच्या कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. मी दोन-तीनदा विचारलं, तर "दमलो रे" म्हणाले. एके सकाळी कस्टमच्या कामाला आम्ही दोघं अब्रातून पलीकडे चाललो होतो. पाणी शांत होतं. चाचा पाण्याकडे बघत एकदम म्हणाले, "सावंता, मी पन्नाशीचा नाय."

"म्हणजे?"

"चव्वेचाळीस. आमच्या गावच्या मशिदीवर कौलं चढली त्या साली माजा जन्म. साल दाराच्या तुळईवर कोरलेलं हाय. पोरगा व्हतो तेव्हापासनं वाचतोय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वडील होडीसकट बुडाले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. गावातला एक सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, त्यांना मुंबईला घेऊन आला. जहाजावर घ्यायचं तर एकवीस पाहिजे. सारंगानं शिकवलं, डॉक्टरनं विचारलं की छाती पुढं काढून एकवीस बोल. अंगानं ते थोराड होते. बोलले. खलाशाच्या पुस्तकात ते वय चढलं, पुढे त्या पुस्तकावरून पासपोर्ट निघाला.

"तेव्हा मना कोणाचं काय घ्यायचं नव्हतं," चाचा म्हणाले. "भूक व्हती. अल्लानं ते माफ केलं आसल. पण हे?"

"चाचा, तुम्ही कुठं मुद्दाम नाव दिलं? साहेबांनी लिहिलं. आणि खरं सांगितलं असतं तर नोकरीवर गदा आली असती."

"हां, हे मी पण स्वतःला सांगितलं. पयल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं. पण खरं तसं नाय." ते माझ्याकडे वळले. "मना खेळायचं व्हतं. जिंकायचं व्हतं. तरण्या पोरांसंगती खेळलो असतो तर हरलो असतो का जिंकलो असतो, खुदा जाणे. इथं जिंकणारच, हे मना म्हायत व्हतं. आन् त्या काळ्या बॉलवर मी थांबलो ना? तेव्हा मनात आलं, चुकव. शेटला दे. पण हात थांबला नाय. भूक नव्हती सावंता, तरी हात थांबला नाय."

अब्रा धक्क्याला लागली तरी ते उठले नाहीत. नावाडी ओरडला, "यल्ला, यल्ला!" तेव्हा उठले.

त्याच दुपारी ते डिसूझासाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि मला बरोबर घेऊन गेले. "साहेब, त्या स्पर्धेचं बोलायचं हाय. माजं वय..."

डिसूझासाहेबांनी हात वर केला. ते हुशार होते. पुढचं वाक्य त्यांनी ओळखलं असावं. उठून त्यांनी दार लावून घेतलं. "परकार, थांबा. तुम्ही जे बोलणार आहात ते मी ऐकलं, तर मला कुठं तरी कळवावं लागेल. मग पासपोर्टाची चौकशी, तुमचं परमिट, कंपनीचं नाव. घरी बायको आहे, दोन मुली आहेत तुमच्या. मी काही ऐकलेलं नाही. सावंतनी पण नाही. बरोबर, सावंत?"

मी मान डोलावली.

"आणि रूल काय आहे? पासपोर्टावरची डेट. त्या रूलप्रमाणे तुम्ही एलिजिबल होता. तुम्ही नियम मोडलेलाच नाही."

"नियम नाय मोडला, साहेब," चाचा हळू म्हणाले. "माणूस मोडला."

साहेबांनी फाइल उघडली. आम्ही बाहेर आलो.

पुढच्या वर्षी आमच्या दोघांच्या सुट्ट्या जुळल्या. एकाच बोटीनं मुंबईला निघालो. डेकवरचा प्रवास, ताडपत्रीखाली पथाऱ्या. चाचांच्या ट्रंकेत बायकोला कापड, मुलींना बांगड्या आणि तळाशी तो कप होता. "गावाकडं जायच्या आधी शेटला भेटायचं," ते म्हणाले. "मना ते ओझं एकदा उतरवू दे." मला ते पटलं होतं. इतकं की बंदरावर उतरल्यावर शेठचा पत्ता शोधायला मीच पुढे झालो.

लालचंदशेठ मुलाच्या घरी, सायनला राहत होते. डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं होतं. खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, चष्माही नव्हता, कारण त्याचा उपयोग उरला नव्हता. आवाजावरून त्यांनी आम्हाला ओळखलं आणि इतका आनंद झाला त्यांना! दुकानाची गल्ली, देऊळ, खाडीतलं पाणी, चहावाला, एकेकाची चौकशी केली. सुनेला हाक मारली. "देख, यही है वो परकार, जिसकी बात करता हूँ! फाइनल में हराया मुझे. मेरी ही उमर का आदमी, लेकिन हाथ देख इसका!" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "यहाँ सब से बोलता हूँ, आखिरी बाजी बराबरी वाले से हारा. नसीब वाले को ऐसा मिलता है."

मी चाचांच्या बाहीला हात लावला. मला वाटलं, नको आता. पण ते खुर्चीसमोर जमिनीवर बसले होते आणि कप ट्रंकेतून काढून झाला होता. तो त्यांनी शेठच्या हातात दिला. शेठनी बोटांनी चाचपला, ओळखला.

"ये तो मेरा वाला है. क्यों लाया?"

चाचांनी सांगितलं. मोडक्यातोडक्या हिंदीत, अब्रात मला सांगितलं होतं तितकंच सरळ, काही न लपवता. चौदा आणि एकवीस, चव्वेचाळीस आणि एक्कावन्न. शेवटी म्हणाले, "शेट, मुझे माफ करना."

शेठ बराच वेळ कपावर बोटं फिरवत राहिले. रस्त्यावर भाजीवाली ओरडत होती. मग ते बोलले, तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"माफी? माफी लेने इतनी दूर आया?"

"जी."

"मैं अंधा होके यहाँ बैठा हूँ. दुकान गयी, शहर गया, आँख गयी. एक ही बात बची थी मेरे पास, जो मैं आने-जाने वाले को सुनाता था. आज तू वो भी ले गया." त्यांनी कप पुढे केला. "तेरा बोझा हलका हो गया? अच्छा है. अब ये उठा, और जा. तूने जीता है, तू रख."

चाचांनी कप घेतला नाही, म्हणून शेठनी तो जमिनीवर ठेवला. त्यांना अंदाज आला नाही; तो कलंडला आणि घरंगळत पलंगाखाली गेला. तो काढायला चाचांना पालथं पडावं लागलं. सून दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातात चहाचा ट्रे होता. तो चहा कोणी प्यायला नाही.

खाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चाचा बसले. मी काही तरी समजुतीचं बोललो असेन, आता आठवत नाही. त्यांनी ते ऐकलं नसावं.

"सावंता," ते म्हणाले, "मी काय केलं ठावं हाय? पयल्यांदा जिंकायसाठी त्याच्याकडनं घेतलं. आज झोप लागावी म्हणून घेतलं. कबुली द्यायची तर ज्यानं तिची शिक्षा देयाची त्याला द्यावी. ज्याचं आपण खाल्लं, त्याच्याच दारात पोट दुखतंय सांगायला जाऊ नये."

गावाहून परत आल्यावर त्यांनी कप क्लबाच्या शेल्फवर नेऊन ठेवला. ज्येष्ठांची स्पर्धा पुढेही भरत राहिली. चाचा क्लबात येऊ लागले, पण क्यूला हात लावला नाही. स्कोअर लिहायचे, टेबलाचं कापड ब्रशनं साफ करायचे. नवे लोक विचारायचे, "चाचा, तुम्ही का नाही खेळत? वयात तर बसता." त्यावर ते हसायचे, आणि ते हसणं बघून मी दुसरीकडे बघायचो.

लालचंदशेठ त्याच वर्षाच्या अखेरीस वारले. देवळाच्या गल्लीतून बातमी आली. चाचांनी त्या दिवशी धक्क्यावरून सुट्टी मागितली, ती त्यांनी गावी जायच्या रजेव्यतिरिक्त आजवर मागितल्याचं मला आठवत नाही, आणि दिवसभर खोलीत बसून राहिले.

पुढे दोन वर्षांनी एजन्सीचे मालक बदलले. नव्यांनी पहिला हुकूम काढला, पंचावन्न पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्यांनी निवृत्त व्हावं. आधार अर्थातच पासपोर्टावरची जन्मतारीख. हुकमात पहिलं नाव इस्माईल परकारांचं होतं. खऱ्या वयानं ते अठ्ठेचाळीसचे होते. थोरली मुलगी उजवली होती, पण धाकटी अजून शाळेत होती. अंगात अजून दहा वर्षं धक्क्यावर उभं राहायची ताकद होती.

या वेळी डिसूझासाहेबांनी स्वतः चाचांना बोलावलं आणि दार लावून घेतलं. ते अवघडले होते. "परकार, हे होऊ द्यायचं नाही. मी चौकशी केलीये. डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊ. तुमच्या गावच्या मशिदीचं साल सावंतनी सांगितलंय, त्याचा दाखला मागवू. अ‍ॅफिडेव्हिट करू. आता कायदेशीर दुरुस्ती करता येते. सावंत टाइप करून ठेवतील, तुम्ही फक्त सही करा."

"मागं तुमी म्हणालात, ऐकलं तर कळवावं लागंल."

साहेबांचा चेहरा पडला. "तेव्हा मी घाबरलो होतो, परकार. तुमच्यासाठी म्हणालो, पण माझ्यासाठीपण. सॉरी."

"तुमी सॉरी कशाला, साहेब? तुमी मना वाचवलं." चाचा उभेच होते. "पण सही नाय करनार."

मी टाइपरायटरवरून उठलो. "चाचा, अहो पण हे खरं आहे! खोटं लिहायला कोणी सांगत नाहीये. तुमचं खरं वय लिहायचं आहे फक्त."

"तेच ना रे," ते म्हणाले. "कप घ्यायला मी एक्कावन्नचा झालो. तेव्हा कागद खरा. आता पगार घ्यायला अठ्ठेचाळीसचा होऊ? आता कागद खोटा? त्या शेटला काय वाटंल? तो वरनं बघत असंल तर आता त्याला दिसतंय." मग म्हणाले, "जे वय मी लोकांसमोर घेतलं, ते आता मना पुरं करायला पायजे."

डिसूझासाहेबांनी पुष्कळ समजावलं. धाकट्या मुलीचं नाव काढलं, तेव्हा चाचांचे डोळे भरले, पण उत्तर बदललं नाही. "इन्शाल्ला, तिचं होईल. गावात होडी हाय. हात हायत." मी कागद टाइप केला होता. महिनाभर तो माझ्या खणात सहीवाचून पडून राहिला.

निरोपसमारंभ क्लबातच झाला. पूलच्या टेबलावर फळी टाकून तिच्यावर केक आणि सामोसे मांडले होते. नव्या मालकांचा माणूस आला होता; त्यानं छापील भाषण वाचलं. दीर्घ सेवा, वृद्धापकाळ सुखाचा जावो, नातवंडांत रमावं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस मान खाली घालून ते ऐकत होता. शेवटी त्यांना बोलायला सांगितलं, तर ते इतकंच बोलले: "मी इथं कोणाचं काय जास्त घेतलं असंल, तर ते इथंच ठेवून चाललोय."

लोकांना वाटलं, रीतीप्रमाणे बोलले. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट बाहेर नांगरलेली होती आणि प्रवाशांना न्यायला लाँच धक्क्याला लागली होती. मी आणि डिसूझासाहेब पोहोचवायला गेलो. भरती होती, लाँच वर-खाली होत होती, धक्का आणि तिच्यामध्ये पाण्याची चांगलीच फट पडत होती. हमाल पुढे झाला, "चाचा, पेटी द्या, तुम्हाला हाताला धरून उतरवतो."

"राहू दे रे," चाचा म्हणाले. त्यांनी मला मिठी मारली. साहेबांपुढे हात छातीवर ठेवून मान लववली. मग ट्रंक स्वतःच खांद्यावर घेतली, लाटेनं लाँच वर येईपर्यंत थांबले आणि त्या फटीवरून एका ढांगेत पलीकडे गेले. लाँच जरासुद्धा डगमगली नाही. ट्रंक खाली ठेवून त्यांनी मागच्या म्हाताऱ्या प्रवाशाला हात दिला, त्याच्या मागच्या बाईचं मूल उचलून घेतलं, मग तिलाही आत घेतलं.

डिसूझासाहेब बघत होते. "फिफ्टी-फाइव्ह," ते म्हणाले. "आपल्या रेकॉर्डला तेच आहे ना, सावंत?"

मी हो म्हणालो. लाँच सुटली. चाचा आमच्याकडे तोंड करून उभे होते, कडेवर ते कोणाचं तरी मूल होतं, आणि त्याला ते बोटानं दुबईचा किनारा दाखवत होते.